ताईच्या घरातली वरची खोली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्याच्यासोबत इतकी वर्षं ऑफिस चालवलं त्या भागीदाराला नाही. आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही समोर बसलेले नाही म्हणून असेल. तुमचा चेहरा मला दिसत नाही, एवढीच सोय.

मी आर्किटेक्ट आहे. नागपुरात माझं ऑफिस आहे आणि लोक मला बऱ्यापैकी ओळखतात. कॉलेजांत भाषणाला बोलावतात. तिथं तेच तीन प्रश्न ठरलेले — या लाइनीत कसे आलात, तुमची आवड कशी घडली, तुमच्यावर प्रभाव कुणाचा? माझी उत्तरंही ठरलेली आहेत. इतक्या वेळा देऊन झालीत की आता ती देताना माझं लक्ष घड्याळाकडे असतं. त्यातलं काही खरं आहे, ते आधी सांगतो. खरं सांगायला सोपं जातं.

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात आर्किटेक्ट हा शब्दच नव्हता. घर बांधतो तो मिस्त्री, कागदावर सही करतो तो इंजिनियर, संपलं. बाबा शाळेत मास्तर होते, थोडं वावर, म्हणजे शेत, होतं. माझं चित्र बरं होतं म्हणून एका शिक्षकांनी बाबांना या कोर्सचं नाव सांगितलं, आणि बाबांनी ते नीट न कळताच मला नागपूरला धाडलं. पुढं पुण्यात एका बड्या आर्किटेक्टकडे उमेदवारी केली. ते विटेवर जीव टाकणारे गृहस्थ. भिंतीला प्लास्टर लावणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला पावडर लावणं, असं म्हणायचे. त्यांच्याकडून उघडी वीट उचलली, लाल कोब्याची जमीन उचलली, जाळीची भिंत उचलली. हे सगळं मी मोकळेपणानं मान्य करतो.

पण पहिला प्रभाव ताईचा. माझी मोठी बहीण, सुमन. गावात शाळेची इमारत बांधत होते तेव्हा बाहेर रेतीचा ढीग असायचा. ओल्या रेतीत पाय घालून वरून थापटायचं आणि पाय हळूच काढून घ्यायचा — खोपा तयार. सगळी पोरं करतात. माझा खोपा झाला की मी उड्या मारायचो. ताई मात्र तिच्या खोप्याला बोटानं भोक पाडायची. एक इकडून, एक समोरून. आणि माझ्या खोप्याकडे बघून म्हणायची, "दिगू, वारा कुठून येईन रे याच्यात?"

ही गोष्ट मी प्रत्येक भाषणात सांगतो. लोक हसतात, काही जण लिहूनही घेतात. ती खरी आहे, शब्दन्‌शब्द खरी. म्हणूनच ती सांगताना मी मध्येच थांबून पाणी मागतो. लोकांना वाटतं बहिणीच्या आठवणीनं सर हळवे झाले.

आता आवडीचं बोलतो. माझी खरी आवड म्हणजे रिकामी खोली. जिच्यात काही नाही, फक्त उजेड येतो आणि सरकत जातो. ही आवड कुठून आली असं विचारलं की मी सांगतो — पराटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटून झाल्यावर उन्हाळ्यात आमच्याकडचं शेत आभाळापर्यंत रिकामं पडतं, तिथून. ऐकायला छान वाटतं ना? ते खोटं आहे. रिकाम्या खोलीची आवड मला कापसानं लावली. म्हणजे कापसाच्या किळसेनं.

तुम्ही कापसाच्या मुलखातले नसाल तर सांगायला हवं. आमच्याकडे वेचलेला कापूस विकेपर्यंत घरात ठेवतात. गोठ्यात नाही, पडवीत नाही. तो लक्ष्मी आहे. वेचणी सुरू करण्याआधी बाया शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, आणि घरात आलेल्या पहिल्या कापसाला हळदीकुंकू लावतात. मग लक्ष्मीला बाहेर कसं ठेवायचं? ती माणसं झोपतात त्या खोलीत बसते, आणि बसली की छताला टेकते. उरलेल्या जागेत आपण. दिवाळीपासून पुढं आमचं बालपण त्या ढिगाच्या पायथ्याशी गेलं. आधी मजा असते, उड्या मारता येतात. मग अंगाला खाज सुटते. कापसातले किडे दिसत नाहीत, फक्त चावतात. मानेवर, पोटावर, बोटांच्या बेचक्यात लाल पुरळ. डाळीत तंतू, केसात तंतू, वह्यांत तंतू.

नागपूरच्या होस्टेलवर पहिल्याच हिवाळ्यात एका मुलानं सगळ्यांसमोर माझ्या स्वेटरवरून एक लांब तंतू ओढला आणि विचारलं, गादी फाडून आलास का? सगळे हसले. मीही हसलो. त्या रात्री मी तो स्वेटर घासून घासून धुतला आणि त्यानंतर घरी गेलो की बाहेर ओसरीवरच झोपायचो. माझ्या ड्रॉइंगमधल्या खोल्या त्या वर्षापासून रिकाम्या होत गेल्या. शिक्षक म्हणाले, याला दृष्टी आहे.

असो. घराकडे येतो — किती वेळ टाळणार?

ताईचं लग्न मारेगावच्या पुढच्या एका गावात झालं. बरं घर. भाऊजी शांत, मोजकं बोलणारे, शेती नेकीनं करणारे. लग्नानंतर काही वर्षांनी त्यांनी नवीन घर बांधायचं काढलं तेव्हा मी नुकता पुण्याहून परतलो होतो आणि माझ्याकडे काम नव्हतं. गावातल्या लोकांनी भाऊजींना सांगितलं की नकाशा तर मिस्त्रीच काढते, त्याले कायले माणूस पाह्यजे? तरी त्यांनी मला बोलावलं. ताईच्या भावाचं पहिलं घर आपलं असावं म्हणून. मी ताईला विचारलं, तुला काय हवं ते सांग. मला वाटलं मोठं स्वयंपाकघर म्हणेल, झोपाळा म्हणेल.

"मले बाकी काई नाई पाह्यजे," ती म्हणाली. "कापूस तेवढा माह्या झोपायच्या खोलीतून काढ."

सासरीही तेच होतं ना. माहेरी ढिगाशी झोपली, सासरी ढिगाशी झोपली. हिवाळा लागला की तिला खोकला धरायचा तो होळीपर्यंत. मी तिला वचन दिलं. अगदी मनापासून दिलं, हे लिहून ठेवतो, कारण पुढं जे केलं ते वचन देताना माझ्या मनात नव्हतं. वर एकच मोठी खोली काढली, कापसासाठी. चारही बाजूंनी विटेची जाळी, वरून खोल छज्जा, म्हणजे वारा खेळेल आणि पाणी येणार नाही. कापसाचं वजन धरून स्लॅब जाड ठेवला, सळ्या जवळजवळ टाकल्या. मिस्त्री म्हणाला सुद्धा, साहेब, वर हत्ती बांधायचा आहे का? ही सळ्यांची गोष्ट लक्षात ठेवा.

खोली तयार झाली आणि मी फसलो. दुसरा शब्द नाही. सकाळी जाळीतून ऊन आत आलं की लाल कोब्यावर उजेडाचे चौकोन पडायचे आणि दुपारपर्यंत हळूहळू दुसऱ्या भिंतीकडे सरकायचे. मी त्या खोलीत नुसता बसून राहायचो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यातलं जसंच्या तसं बाहेर उभं राहिलं होतं. कुणाच्या हाताखाली नाही, कुणाच्या नावानं नाही. मुंबईच्या एका मासिकाला मी पत्र घातलं होतं आणि ते फोटो काढायला येणार होते. ती वर्षं आठवत असतील तुम्हाला. कापसाचे भाव पडलेले, आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात, का ते सांगायला नको. बाहेरच्यांना यवतमाळ म्हटलं की ऐकावंसं वाटायचं. मासिकवाल्यांनाही वाटलं. मी पत्रात यवतमाळ हा शब्द नको तितक्या वेळा लिहिला होता.

ते यायच्या आधी वेचणी सुरू झाली. एका सकाळी मी अंगणात आलो तर ताई डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर. मागं मजूर बाया. ताईच्या हातात हळदीकुंकवाची कोयरी. तिचा चेहरा — तो मला विसरता येत नाही. शाळेत नंबर आल्यावर असतो तसा.

आणि मला काय दिसलं? छतापर्यंत ढीग. जाळीच्या भोकांत अडकलेले तंतू. लाल कोबा झाकलेला. होस्टेलवरचं ते हसणं. किडे. मी तोंड उघडलं तेव्हा काय बोलणार ते मला ठाऊक नव्हतं, शपथेवर सांगतो. निघालं ते असं — "ताई, थांब. माहा हिशेब चुकला. हा स्लॅब एवढं वजन नाई घेत."

बघा, किती चांगलं खोटं होतं. दोष मी स्वतःवर घेतला होता. मिस्त्रीवर नाही, सिमेंटवर नाही. मान खाली घातली होती, आवाजही पडलेला होता. कुणाला शंका यावी कशी? माणूस स्वतःच्या अब्रूवर कशाला खोटं बोलेल? ताई पायरीवरून मागं आली. गाठोडं उतरवलं. भाऊजी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चूक कबूल करायले मोठं मन लागते, बुवा. दुसरा असता तर बोल्लाच नसता."

कापूस खाली गेला. पुढच्या खोलीत पाहुणे, मधल्या खोलीत लकव्यानं पडलेली सासू. उरली ताईची खोली. तिथं गेला.

फोटोवाले आले. सोबत एक बाई होत्या, लिहिणाऱ्या. खोली बघून खूश झाल्या आणि मग म्हणाल्या, पण कापूस कुठाय? खोली कापसासाठी आहे ना? मला आधी सुचायला हवं होतं. रिकाम्या खोलीला मुंबईत कोण विचारणार? यवतमाळ हवं होतं, म्हणजे कापूस हवा होता. मी म्हणालो, आणतोय. आणि खाली जाऊन ताईला सांगितलं की थोडा कापूस वर न्यायचा, फोटोपुरता.

ती घाबरली. "स्लॅब काई पडत तर नाई ना रे?"

"थोड्या वेळाले काई होत नाई," मी म्हणालो.

चादरींत गाठोडी बांधून ताईनं आणि भाऊजींनी कापूस वर वाहिला. दर गाठोडं ठेवताना ताई कोब्याकडे बघायची, तडा जातोय का म्हणून. ढीग लावून झाल्यावर तिनं त्याला पुन्हा हळदीकुंकू लावलं, कारण लक्ष्मीची जागा बदलली होती. मासिकातल्या बाईंना ते फारच आवडलं. ते पुन्हा करायला लावलं, फोटोसाठी. संध्याकाळी सगळा कापूस परत खाली. तेव्हा एवढंच बोलली ती, की बसलेली लक्ष्मी अशी वर-खाली करत नाईत. तेही माझ्याकडे न बघता, गाठोडं बांधता बांधता. त्या वर्षी भाव आणखी उतरला तेव्हा सासूनं पडल्या पडल्या तिला त्या दिवसाची आठवण करून दिली. ताईनं ऐकून घेतलं. फोटो भावाचे होते ना.

तो फोटो तुम्ही पाहिला असण्याची शक्यता आहे. उजेडाचे चौकोन, पांढरा ढीग, त्याच्यापुढं वाकलेली पाठमोरी बाई. माझं नाव त्या एका फोटोनं झालं. बक्षीस मिळालं. नागपूर-अमरावतीच्या कॉलेजांच्या बस ताईच्या दारात उभ्या राहू लागल्या. मुलांना मी सांगायचो, आर्किटेक्टनं आधी माणसाची गरज ऐकावी, ही खोली म्हणजे एका बाईनं मागितलेली गोष्ट आहे. मुलं मान डोलवायची. ताई खाली त्यांच्यासाठी चहा करायची, पदरानं तोंड झाकून खोकत.

हंगाम नसताना कापूस कुठून दिसेल, म्हणून रिकामी खोली कुणाला खटकायची नाही. हंगामात आले तर मी म्हणायचो, यंदाचा गेला विकून. गेलेला नसायचा. त्या वर्षांत ज्याला थांबणं परवडायचं तो कापूस धरून बसायचा. सरकारी खरेदी आज सुरू होईल, उद्या होईल, व्यापारी मन मानेल तो भाव सांगणार. भाऊजी हट्टानं थांबायचे. पूर्वी जो कापूस संक्रांतीला हलायचा तो आता उन्हाळा घरात काढू लागला. एका वर्षी तर नव्या पेरणीचं बियाणं घरात आलं तरी जुना ढीग ताईच्या खाटेशी तसाच होता.

तुम्ही म्हणाल, मग ती वर का नाही झोपली? खाली सासूला रात्री दोनदा उठवावं लागे. आणि वर हिवाळ्यात त्या जाळीतून असं बोचरं वारं येई की जनावरही राहिलं नसतं. भाऊजींनी झडपा लावू का विचारलं होतं. मी नको म्हणालो. झडपांनी जाळीचा जीव जातो, असं काहीतरी म्हणालो.

तिनं मग जुन्या साड्या एकाला एक शिवून छतापासून पडदा केला, खाट आणि ढिगाच्या मध्ये. त्या गेल्या वर्षांच्या साड्या मला ओळखू येत होत्या. एक तर मीच भाऊबीजेला दिलेली होती. आणि खरं सांगू? — तो पडदा मला आवडला. रंग कसे एकमेकांशेजारी बसलेत ते मी बघत उभा राहिलो. पडद्याच्या अलीकडे माझी बहीण बसून श्वास घेत होती, आणि मी रंग बघत होतो.

आता येतो त्या ठिकाणी, जिथं यायला मला इतकी पानं लागली. तुम्हाला वाटत असेल हाच तो गुन्हा, त्या सकाळचं खोटं. नाही. ते तर तोंडून निसटलं होतं, त्याला एक वेळ माणसाची चूक म्हणता येते. गुन्हा त्यानंतरचा आहे. कारण त्यातून सुटणं किती सोपं होतं ठाऊक आहे? खरं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं म्हणायचं होतं — ताई, आता स्लॅब चांगला पिकला, सिमेंट जुनं झालं की मजबूत होतं, आता ठेवा कापूस. गावात कोण विचारणार होतं? मिस्त्रीसुद्धा हो म्हणाला असता. आणखी एक खोटं, छोटंसं, आणि ताईची खोली मोकळी. माझी अब्रू जागेवर, फोटो जागेवर, बक्षीस जागेवर. माझं काही म्हणता काही गेलं नसतं.

हे मला तेव्हाही कळत होतं. दर दिवाळीला जाताना बसमध्ये ते वाक्य मी मनात तयार करायचो. घरी पोचलो की आधी वर जायचो. खोली झाडून पुसून ठेवलेली असायची, ताईनंच. कोब्यावर उजेडाचे चौकोन. मी बघायचो आणि वाटायचं, एवढं वर्ष राहू दे. एवढंच वर्ष. — मला बहिणीपेक्षा ती रिकामी खोली जास्त हवी होती. हे वाक्य लिहून मी दोन वेळा खोडलं. दुसरं कुठलं बसत नाही तिथं.

आणि हेही सांगून टाकतो. एका उन्हाळ्यात तिचा दम इतका वाढला की मी तिला गाडीत घालून यवतमाळला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, विचारलं, घरात धूळ आहे का, झोपता कुठं? ताईनं सांगितलं. ते चिडले. कापूस आधी खोलीतून हलवा म्हणाले, वर जागा नाही का?

"वर ठेवता येत नाई साहेब," ताई म्हणाली, "स्लॅब कमजोर हाय. माह्या भावाचा हिशेब चुकला, पण त्यानं लपोलं नाई. म्हणून आमी वाचलो."

आणि तिनं माझ्याकडे बघितलं. तक्रारीनं नाही हो. शिकलेला भाऊ सोबत आहे, तो साहेबांना नीट समजावून सांगेल म्हणून. आणि मी समजावलं. खुर्चीवर पुढं सरकून, इंग्रजी शब्द वापरून, स्लॅबवर भार कसा येतो, सळ्यांचं अंतर किती असायला हवं होतं, हे मी त्या डॉक्टरांना सांगितलं. माझी बहीण शेजारी बसून धापा टाकत होती आणि मान हलवून मला दुजोरा देत होती. डॉक्टर म्हणाले, बरं झालं तुम्ही वेळीच सांगितलंत. त्यांनी दम्याचा पंप लिहून दिला. परत येताना वाटेत ताईनं गाडी थांबवून माझ्यासाठी उसाचा रस घेतला, तिला स्वतःला थंड चालत नव्हतं.

वाचलो, हा शब्द तिचा. त्या भागात एका पावसाळ्यात कुणाचं तरी घर बसलं, तेव्हापासून ती तो वापरते. आलेल्या-गेलेल्याला सांगते की भावानं सांगितलं म्हणून वाचलो, नाहीतर आमच्या अंगावर छत आलं असतं. पोरांना तिनं त्या खोलीत कधी उड्या मारू दिल्या नाहीत. नातवंडांनाही देत नाही.

आता त्या घरात कापूस फार दिवस राहत नाही. भाऊजी थकलेत, निम्म्या वावरात सोयाबीन असतं, कापूस शेतातूनच गाडीत भरून जातो. सासू जाऊन बरीच वर्षं झाली. ताईची खोली रिकामी झाली आहे, पण दम गेला नाही. तो जात नाही म्हणतात. पंप कमरेला खोचलेला असतो, पूर्वी चाव्या असायच्या तिथं. जिना चढणं तिनं सोडलं आहे. म्हणजे जी खोली तिनं मागितली ती आता तिला दिसतही नाही.

गेल्या भाऊबीजेला गेलो होतो. दिवेलागण झाली तसं तिनं मला एक पणती दिली, वरच्या खोलीत ठेवून ये म्हणाली. दरवर्षी तिथं लावते, सून माहेरी गेली होती आणि तिला चढवत नव्हतं. मी वर गेलो. कोबा आरशासारखा पुसलेला. ही ती खोली. हा माझा स्लॅब. याच्या पोटात कापसासाठी जवळजवळ टाकलेल्या सळ्या आहेत, हे त्या घरात मला एकट्यालाच ठाऊक. मनात आलं, पाय आपटावा. जोरात, चार वेळा. खाली ऐकू जाईल, ती घाबरून ओरडेल, काय झालं विचारेल, मग सांगता येईल. मी पणती कोनाड्यात ठेवली आणि खोलीच्या मध्यात येऊन उभा राहिलो.

खालून तिचा आवाज आला. मध्ये श्वासाला थांबत, तुकड्या-तुकड्यांनी.

"दिगू... हळू चाल रे. वर जास्त वेळ... उभा राहू नको."

पायात चप्पल नव्हतीच. तरी मी टाचा उचलल्या. खाली तिच्या डोक्यावर आवाज होणार नाही इतक्या हळू, भिंतीच्या कडेकडेनं चालत जिन्यापर्यंत आलो आणि उतरलो. खाली पाट मांडलेला होता. मी बसलो, आणि तिनं मला ओवाळलं.